एचडीआर नव्हतं, मोबाईल नव्हता, तरी निजामाच्या या फोटोग्राफरनं मराठवाड्याचं ऊन काचेवर उतरवलं

अंबडची मत्स्योदरी. माशाच्या आकाराची टेकडी, वर देवीचं मंदिर, मागं भगभगीत आकाश. जालना जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाईलमध्ये हा फोटो सापडेल. आता फोटो काढला म्हटल्यावर तो तसाच कसा टाकायचा? एचडीआर लावलं, सावली उजळली, आकाश निळं केलं, शार्प केलं आणि स्टेटसला चढवलं.

नीट बघितलं की मग कळतं, शिखराच्या कडेनं एक पांढरट पट्टा आलाय. जणू मंदिर कागदातून कापून आकाशावर चिकटवलंय. टेकडीच्या कडेलाही तेच, झाडांच्या शेंड्यांनाही तेच.

या पट्ट्याला फोटोवाले हॅलो म्हणतात. हॅलो म्हणजे प्रभावळ. देवाच्या डोक्यामागं शोभते, पण टॉवरच्या आणि काकांच्या डोक्यामागं आली की फोटोचा कचरा होतो.

आता गंमत अशी, की लख्ख उजेड आणि काळीकुट्ट सावली एकाच फोटोत बसवायची ही मारामारी मोबाईलनं सुरू केलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात एक माणूस काचेच्या पट्ट्या घेऊन तीच मारामारी करत होता. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाचा दरबारी फोटोग्राफर होता राजा दीनदयाळ.

दीनदयाळ काही हैदराबादचे नव्हते. त्यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. बेगम समरूचं सरधना म्हणून हे गाव ओळखलं जातं. घराणं जैन. पोरगा हुशार होता, म्हणून रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेला. आज तिथं आयआयटी आहे.

शिक्षण झालं आणि १८६६ मध्ये नोकरी लागली ती इंदूरला. सार्वजनिक बांधकाम खात्यात, इमारतींचे नकाशे काढायचे आणि खर्चाचे अंदाज बांधायचे. चांगली सरकारी नोकरी. त्या काळात एवढ्यावर आयुष्य सुखात गेलं असतं.

पण इंदूर होळकरांचं होतं. आपल्या अंबडला अहिल्याबाईंच्या खुणा आहेत, त्याच होळकरांचं. गादीवर दुसरे तुकोजीराव होते. दीनदयाळांना फोटोग्राफीचा नाद लागला तेव्हा तुकोजीरावांनी पाठबळ दिलं. मध्य भारताचे ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनीही दिलं. इंदूरचं डेली कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, तेच हे डेली.

१८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक इंदूरला आले, दीनदयाळांनी त्यांचा फोटो काढला. पुढच्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्सचा भारतदौरा झाला, त्यातही त्यांचा कॅमेरा होता. बांधकाम खात्यातला ड्राफ्ट्समन राजेरजवाड्यांच्या ओळखीचा झाला.

मग १८८२-८३ ला डेलींनंतरचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंड फिरले. किल्ले, मंदिरं, स्तूप, महाल. त्या फोटोंचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं, मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं. इमारतीची रेषा कशी पकडायची हे नकाशे काढणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला लागत नाही. त्यांच्या फोटोतले खांब सरळ उभे असतात आणि कमानी तोललेल्या असतात, त्याचं मूळ रुरकीत आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण इमारत सरळ आली म्हणून फोटो जमला असं होत नव्हतं. खरी अडचण उजेडाची होती.

त्यांनी सुरुवात केली त्या काळात ओल्या काचेची पद्धत चालायची. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं, कारण काच वाळली की खेळ खल्लास. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन डोळ्यासमोर आणा म्हणजे हे काय प्रकरण होतं ते कळेल. पुढं १८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या आणि तंबूचा जाच संपला.

उजेडाचा जाच मात्र संपला नाही. या जुन्या काचांना निळा रंग भारी दिसायचा आणि लाल-पिवळा जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे निळं आकाश फोटोत थेट पांढरं व्हायचं. तांबूस दगड, माती आणि माणसाची सावळी कातडी आहे त्यापेक्षा काळी यायची. निसर्गात जेवढा फरक नाही तेवढा फरक काचच तयार करायची. जुन्या फोटोत ढग क्वचित दिसतात त्याचं कारण हे. ढग होते, पण काचेला ते आकाशापासून वेगळे करता यायचे नाहीत.

यावर युरोपात एक जुगाड निघाला होता. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यानं १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना आकाशासाठी एक काच आणि पाण्यासाठी दुसरी काच वापरली आणि छापताना दोन्ही जोडल्या. आज मोबाईल चटकन दोन-चार फोटो घेऊन एक करतो, त्याचे हे पणजोबा. पण जोड जिथं यायचा, त्या क्षितिजाच्या रेषेवर सांभाळून काम केलं नाही तर चोरी पकडली जायची. आजचा हॅलोसुद्धा नेमका तिथंच येतो, उजेड आणि काळोख एकमेकांना भिडतात त्या कडेवर.

दीनदयाळांच्या आयुष्याला वळण लागलं १८८५ च्या सुमारास. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं. निजाम तेव्हा विशीतही पोचले नव्हते. त्याच वर्षी व्हाइसरॉयचे फोटोग्राफर म्हणूनही नेमणूक झाली. सरकारी नोकरीला रामराम ठोकून दीनदयाळ सिकंदराबादला आले आणि तिथं स्टुडिओ थाटला.

मग निजामाच्या दरबारात होईल ते सगळं त्यांच्या काचेवर आलं. महाल, मेजवान्या, हत्ती, पलटणी, शिकारी, पाहुणे. लॉर्ड कर्झन मेलेल्या वाघापाशी उभे आहेत तो फोटो अनेकांनी पाहिलेला असतो, तो दीनदयाळांच्या स्टुडिओचा. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा हा किताब दिला. निजामांना शायरीचा शौक होता, त्यांनी आपल्या फोटोग्राफरवर शेरही रचला. व्हिक्टोरिया राणीकडूनही नेमणुकीचा मान मिळाला.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार कशा, म्हणून आतलं सगळं काम बाईच्याच हातात. केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई तो स्टुडिओ चालवायच्या. धंद्याचं डोकं म्हणतात ते हे.

निजामाचं राज्य म्हणजे आपला मराठवाडाही आलाच. औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ हे सगळं दीनदयाळांच्या कॅमेऱ्यानं टिपलंय.

वेरूळचं कैलास लेणं कॅमेऱ्यासाठी किती अवघड आहे ते तिथं मोबाईल काढून बघा. डोंगर वरून खाली खोदत नेलाय, मागची भिंत सुमारे शंभर फुटांची. वर उघडं आकाश, मधे उन्हात तापलेलं शिखर, खाली हत्तींच्या रांगा सावलीत, आणि ओवऱ्यांत तर काळोखच. उन्हातला दगड आणि आतला कोपरा यांच्या उजेडात शेकडो पटींचा फरक पडतो. डोळा हे सांभाळून घेतो, कारण तो जिथं बघेल तिथल्या उजेडाला जुळवून घेतो. काच तसं करत नाही. सगळ्या चौकटीला एकच वेळ मिळते. शिखरासाठी वेळ धरली तर ओवऱ्या बुडाल्या, ओवऱ्यांसाठी धरली तर शिखर जळालं.

आणि काचेचा स्वतःचा एक खोडसाळपणा होता. उजेड काचेवरच्या थरातून आरपार जायचा, काचेच्या मागच्या बाजूवर आपटून परत यायचा आणि मूळ जागेच्या आजूबाजूला पुन्हा उमटायचा. काळोख्या खोलीतली खिडकी, झाडाच्या फांद्यांतून दिसणारं आकाश, अशा ठिकाणी भोवती धुरकट वलय यायचं. यालाच हॅलेशन म्हणत. आजच्या हॅलोचा हा सख्खा नाही तरी चुलत भाऊ नक्की. तेव्हाचे फोटोग्राफर काचेच्या पाठीला गडद लेप लावून उजेड तिथंच गिळून टाकत. लेपासाठी जाळलेली साखर आणि रंग चालायचा. पुढं फिल्म आली तेव्हा कारखान्यातूनच पाठीला असा थर लागून यायला लागला.

या जुन्या पद्धतीत एक गोष्ट मात्र आजच्या ॲपपेक्षा शहाणी होती, ती म्हणजे छपाई. तेव्हाचा फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, काच वर ठेवून, सरळ उन्हात छापत. कागद उन्हानं हळूहळू काळा होत जायचा. जिथं सावली असायची तो भाग आधी काळा पडायचा आणि काळा पडला की स्वतःच खालच्या थरावर पडदा धरायचा, म्हणजे तिथं पुढचं काळं पडणं मंदावायचं. तोपर्यंत उजळ भागाला हळूहळू तपशील यायला वेळ मिळायचा. उजेड-सावलीतला प्रचंड फरक कागद आपसूक दाबून घ्यायचा, आणि तरीही कडेला पट्टा यायचा नाही.

का यायचा नाही? कारण कागदाचा प्रत्येक ठिपका फक्त आपल्यापुरतं बघायचा. शेजारी काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आजचं ॲप नेमकं उलटं करतं. एचडीआर, स्ट्रक्चर, क्लॅरिटी असलं काही लावलं की ते प्रत्येक ठिपक्याच्या शेजारपाजारच्या उजेडाची सरासरी काढतं आणि त्यावरून ठरवतं की या ठिपक्याला उजळायचं की दाबायचं. मंदिराच्या भिंतीच्या मधोमध हे ठीक चालतं. पण शिखराला लागून असलेल्या आकाशाच्या ठिपक्याच्या शेजारात अर्धं आकाश आणि अर्धं काळं शिखर असतं. सरासरी खाली येते. ॲपला वाटतं, हा भाग अंधाराचा आहे, उजळा. झालं, आकाश आणखी पांढरं. शिखराच्या बाजूला उलटा हिशोब लागतो आणि तिथं काळी किनार येते. शेजार जेवढा मोठा धरला, पट्टा तेवढा रुंद.

शार्प करण्याचंही तसंच. ही युक्ती मुळात डार्करूमची. निगेटिव्हबरोबर तिचीच एक धूसर उलटी प्रत ठेवून छापायची, म्हणजे कडा उठून दिसायच्या. फोटोशॉपमधलं अनशार्प मास्क हे नाव तिथूनच आलंय. कडेच्या एका बाजूला थोडं उजळ, दुसऱ्या बाजूला थोडं गडद, एवढीच ती जादू. थोडी असली तर फोटो टोकदार दिसतो. जास्त झाली की तोच हॅलो.

बरं, सगळा दोष ॲपचाही नाही. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये दाखवून दिलं होतं की उजळ आणि गडद पट्टे शेजारी ठेवले की आपला डोळाच कडेला नसलेली उजळ रेघ बघतो. म्हणजे थोडा हॅलो आपण घरूनच घेऊन येतो. त्यात ॲपनं भर घातली की लगेच डोळ्यात खुपतं.

मग करायचं काय? आधी कर्व्हज वापरा. तो त्या जुन्या कागदासारखा आहे, ठिपक्यागणिक काम करतो, त्यामुळं त्यानं पट्टा येत नाही. सावली थोडी उचला, उजळ भाग थोडा दाबा. हायलाइट पूर्ण खाली आणि शॅडो पूर्ण वर, ही सवय सगळ्यात घातक. दोन्ही अर्ध्यावर थांबवले तरी निम्मे हॅलो येतच नाहीत. स्नॅपसीडमध्ये एचडीआर स्केप आणि स्ट्रक्चर हे मिठासारखे वापरायचे, आणि तेही सगळ्या फोटोला नाही. केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन ब्रशनं तो परिणाम फक्त भिंतीवर, दगडावर फिरवता येतो. आकाशाला आणि कडेला लावायचाच नाही. शार्प करताना रेडियसचा आकडा लहान ठेवा.

लाइटरूममध्ये आकाश आपोआप निवडता येतं आणि लोक तिथंच फसतात. आकाश निवडून धाडकन गडद केलं की निवड जिथं कडेपासून जराशी हुकली तिथं जुनं उजळ आकाश पट्टी होऊन उरतं. निवडीची कड मोठी करून बघायची आणि पट्टी दिसली तर ब्रशनं निवड अगदी शिखरापर्यंत भिडवायची. एवढं करूनही पट्टी उरलीच तर फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प डार्कन मोडवर ठेवून शेजारचं आकाश हलक्या हातानं त्यावर ओढायचं. डार्कनमध्ये फक्त उजळ पट्टी झाकली जाते, गडद शिखराला धक्का लागत नाही. कडेला जांभळी रेघ असेल तर मात्र तो हॅलो नाही, तो लेन्सचा दोष. त्याला वेगळं बटण आहे.

आणि हे सगळं तपासायचं फोटो पूर्ण मोठा करून. छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात.

सगळ्यात स्वस्त उपाय अर्थातच सकाळी लवकर जाणं. त्याला ॲप लागत नाही, फक्त गजर लागतो.

मंदिराचा फोटो बिघडला तर फार काही बिघडत नाही. पण दीनदयाळांच्या स्टुडिओनं मराठवाड्यात काढलेले काही फोटो असे आहेत की तिथं हा खेळ महागात पडतो.

१८९९-१९०० चा दुष्काळ. पाऊस गेला, धान्य गेलं, गुरं गेली. निजाम सरकारनं औरंगाबाद जिल्ह्यात मदतीची कामं काढली आणि त्या कामांची नोंद म्हणून दीनदयाळांच्या स्टुडिओनं फोटो काढले. ते लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात गेले. शिकारीच्या आणि मेजवान्यांच्या फोटोंचा धनी असलेल्या स्टुडिओनंच हे फोटो काढलेत, हे बघताना जड जातं. फासळ्या दिसणारी माणसं उन्हात उभी आहेत. मागं उजळ आकाश आणि तापलेली जमीन.

इथं काचेचा तो दोष आठवायला हवा. सावळी कातडी तिला आहे त्यापेक्षा काळी दिसायची. म्हणजे फोटोत दिसणारा फरक सगळा उपासमारीचा नाही, थोडा काचेचाही आहे. आता असा फोटो कुणी मोबाईलवर घेतो आणि जुना फोटो सुधारा म्हणून क्लॅरिटी चढवतो. फासळीची सावली आणखी गडद होते, उंचवटा आणखी उजळतो, डोक्याभोवती पांढरी कड येते. माणूस जमिनीपासून सुटतो, चिकटवल्यासारखा दिसतो. मग खाली कॉमेंट येते की हा फोटो बनावट आहे. मूळ काच खरी, माणूस खरा, दुष्काळ खरा, आणि खोटी फक्त ती कड. शिवाय यातली बहुतेक माणसं आज बिननावाची आहेत. त्यांच्याबद्दल उरलाय तो हा एवढाच पुरावा, आणि त्यावर सरसकट हात फिरवणं बरं नाही. जुना फोटो टाकायचा असेल तर स्कॅन जसाच्या तसा जपून ठेवावा, उजेड दुरुस्त करायचा तर कर्व्हजनं करावा, शार्पच्या वाट्याला जाऊ नये, आणि बदल केलाय हे खाली लिहावं.

दुष्काळाच्या आधी, १८९६ मध्ये, दीनदयाळांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला होता. धंदा तेव्हा जोरात होता. ज्ञानचंद आणि धरमचंद ही दोन्ही मुलं कामाला लागली होती. १९०३ चा दिल्ली दरबार त्यांनी टिपला. पण तोवर हातात धरायचे कॅमेरे आले होते. ज्याला फोटो हवा तो स्वतः काढू लागला. राजेरजवाड्यांच्या जोरावर उभा असलेला एवढा पसारा ओढणं सोपं राहिलं नव्हतं.

१९०४ मध्ये धरमचंद गेले. पोराच्या मागं वर्षभरातच, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळ मुंबईत वारले. मुंबईचा स्टुडिओ टिकला नाही, सिकंदराबादचा ज्ञानचंद यांनी सांभाळला.

घराण्याकडं जपलेल्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्यानं दीनदयाळांच्या नावानं तिकीट काढलं. कागदावर छापलेले त्यांचे बरेच फोटो आता पिवळे पडलेत, कारण अंड्याचा तो थर वर्षं गेली की पिवळट होतो. काचांना ती भीती नाही. त्या फुटल्या नाहीत तर त्यांच्यावरून आजही, उन्हात कागद ठेवून, पहिल्यासारखा फोटो छापता येतो.